निक्षेपधर्म आणि बुडालेली बँक

अहिल्यानगर शहराला लागून, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते, आणि अशा वसाहतीच्या आधाराने राहणारा कामगार, लहान कारखानदार, दुकानदार किंवा निवृत्त शिक्षक आपली बचत ज्या संस्थांकडे सोपवतो त्यांत नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे स्थान फार मोठे आहे. या परिसरातील जुन्या संस्थांपैकी एक असलेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना भारतीय रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. १९१० साली स्थापन झालेली ही बँक शंभरी ओलांडून गेलेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये तिचे संचालक मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमण्यात आला, २०२१ च्या अखेरीस निवडणूक होऊन संचालक मंडळ पुन्हा अधिकारावर आले, आणि पाठोपाठ ६ डिसेंबर २०२१ पासून बँकिंग विनियमन कायद्याच्या कलम ३५-अ खाली निर्बंध लागू होऊन खातेदाराला स्वतःच्याच खात्यातून दहा हजारांपेक्षा अधिक रक्कम काढता येणार नाही, अशी मर्यादा पडली. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने दिलेली कारणे थोडक्यात अशी होती की बँकेजवळ पुरेसे भांडवल उरलेले नाही, ते मिळवण्याची शक्यताही दिसत नाही, आणि सध्याच्या स्थितीत ती सर्व ठेवीदारांचे पैसे पूर्णपणे परत करू शकणार नाही.

अर्थशास्त्राच्या ग्रंथात अशा घटनेला भांडवल, थकीत कर्ज, तरलता या संज्ञांनी उत्तर मिळते, आणि ते उत्तर चूक नसते. परंतु त्याखाली एक जुना प्रश्न उरतो, तो धर्माचा आहे. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेले धन नाहीसे झाले, तर ते परत करण्याचे कर्तव्य नेमके कोणावर राहते, आणि राजसत्तेने ते कर्तव्य आता संपले असे जाहीर केले तर ते खरोखर संपते काय? भारतीय धर्मशास्त्राने या प्रश्नाला आडबाजूला ठेवलेले नाही. मनुस्मृतीने राजासमोर येणाऱ्या वादांचे जे अठरा विषय सांगितले आहेत, ज्यांना व्यवहारपदे म्हणतात, त्यांत पहिला विषय ऋणादान म्हणजे कर्ज देणे-घेणे हा आहे, आणि दुसराच निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेले धन. जमिनीच्या सीमांचे वाद, मारामारी, चोरी हे सारे त्यानंतर येते. ज्या समाजात बँक नव्हती त्या समाजालाही ठेवीचा प्रश्न इतका अग्रभागी ठेवावा असे वाटले, कारण यात्रेला, व्यापाराला किंवा युद्धाला निघालेल्या माणसाला आपले धन कोणापाशी तरी सोपवावेच लागत होते, आणि त्या सोपवण्याला साक्षीदार बहुधा नसत.

आधुनिक कायदा येथे एक वेगळी भूमिका घेतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ मध्ये फोली विरुद्ध हिल या खटल्यात असा निर्णय दिला की बँकेत जमा केलेला पैसा त्या क्षणापासून बँकेचा होतो, ग्राहक हा त्या पैशाचा मालक राहत नाही, तर बँकेला कर्ज दिलेला धनको होतो, आणि बँक ही विश्वस्त नव्हे तर ऋणको होते. भारतातील बँकव्यवहारही याच तत्त्वावर चालतो. म्हणजे खातेदार ज्याला ठेव समजतो ते कायद्याच्या दृष्टीने निक्षेप नसून ऋणादान आहे, मनूच्या यादीतील दुसरे पद नसून पहिले. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. निक्षेपात ठेवलेले धन जसेच्या तसे परत द्यायचे असते आणि राखणदाराने ते वापरायचे नसते. ऋणात मात्र घेणाऱ्याने ते वापरावे हेच अपेक्षित असते आणि त्याबद्दल तो व्याज देतो. बँक ठेवीचा पैसा कर्जाऊ देते म्हणून तर ठेवीदाराला व्याज मिळते, त्यामुळे ठेवीदाराने जोखीम घेतलीच होती, असा युक्तिवाद बँक बुडाल्यावर केला जातो.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. ज्याने भाग घेतले, म्हणजे शेअर विकत घेतले, त्याने धंद्याची जोखीम उघड्या डोळ्यांनी पत्करलेली असते. नफा झाला तर त्याला लाभांश मिळतो. ठेवीदाराला ठरलेल्या व्याजापलीकडे काही मिळत नाही, बँकेला कितीही नफा झाला तरी त्याचा वाटा वाढत नाही. शिवाय सहकारी बँकेत मतदानाचा अधिकार सभासदाचा असतो आणि नुसत्या ठेवीदाराला तो नसतो. सभासद होण्यासाठी शेअर लागतात, आणि कर्ज घेणाऱ्याने कर्जाच्या ठराविक प्रमाणात, तारण असलेल्या कर्जावर साधारण अडीच टक्के व विनातारण कर्जावर पाच टक्के, शेअर घ्यावेत असा नियम राहिलेला आहे. त्यामुळे ज्यांना बँकेकडून घ्यायचे आहे त्यांच्या हाती मत राहते आणि ज्यांनी बँकेला दिले आहे ते मताविना राहतात. अशा रचनेत ठेवीदाराने दिलेले धन कागदावर कर्ज असले तरी त्याची नैतिक जात निक्षेपाचीच आहे, कारण देणाऱ्याजवळ विश्वासाशिवाय दुसरे कोणतेही साधन नाही.

निक्षेप हरवला तर काय करावे, यावर याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका, जी महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली, अतिशय नेमके बोलतात. राखणदाराकडून ठेव तीन कारणांनी गेली तर त्याला ती भरून द्यावी लागत नाही: राजाने नेली, दैवाने नष्ट झाली, किंवा चोराने लुटली. दैव म्हणजे येथे आग, पूर यांसारखी माणसाच्या आटोक्याबाहेरची आपत्ती. मात्र ठेवीदाराने मागितल्यावर न देता राखून ठेवली आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर राखणदाराने ती भरून द्यावी आणि तितकाच दंडही भरावा. आणि राखणदाराने स्वतःच्या इच्छेने ती ठेव वापरून त्यावर उपजीविका केली, तर त्याने दंड भरून ती वाढीसह परत करावी.

बँक बुडाल्यावर जी समर्थने ऐकू येतात ती या तीन अपवादांच्या भोवतीच फिरतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले म्हणून पैसे देता येत नाहीत, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा तो राजाचा अपवाद असतो. नोटाबंदी आली, टाळेबंदी आली, बाजार पडला, जागतिक मंदी आली असे सांगितले जाते तेव्हा तो दैवाचा अपवाद असतो. कर्जदाराने फसवले, मूल्यांकन करणाऱ्याने खोटे प्रमाणपत्र दिले, असे म्हटले जाते तेव्हा तो चोराचा. तिन्ही अपवाद शास्त्राला मान्य आहेत, आणि म्हणूनच त्यांची कठोर तपासणी आवश्यक ठरते. राजाने ठेव नेली असे म्हणण्यासाठी राजाचा हात ठेवीवर स्वतःहून पडायला हवा, परंतु कलम ३५-अ खालचे निर्बंध बहुधा नुकसान घडून गेल्यावर, उरलेले धन आधी पोहोचलेल्या थोड्यांनीच उचलून नेऊ नये यासाठी येतात. तेथे राजा हा नाशाचे कारण नसून नाशाचा साक्षीदार असतो. चोराचा अपवाद बाहेरच्या चोरासाठी आहे. ज्याच्या हाती किल्ली होती त्यानेच दार उघडले असेल तर मिताक्षरेच्या कोणत्याही वाचनात तो अपवाद उभा राहत नाही.

दैवाचा प्रश्न अधिक अवघड आहे. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि त्याच महिन्यात वॉशिंग्टन म्युच्युअल ही अमेरिकेतील मोठी बचत बँक बंद होऊन जेपी मॉर्गन चेसच्या ताब्यात गेली, तेव्हा जगभर लाट, वादळ, भूकंप अशी भाषा वापरली गेली, जणू कोणीही कर्ता नसलेली एखादी घटना घडली होती. आर्थिक संकटात खरोखर एक असा भाग असतो की जो कोणा एकट्याच्या हातात नसतो. सुस्थितीतील बँकेतूनही घाबरलेले ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढू लागले तर ती टिकत नाही, कारण तिचा पैसा दीर्घ मुदतीच्या कर्जात गुंतलेला असतो. तेवढ्या भागाला दैव म्हणता येईल. परंतु ज्या कर्जांमुळे ती घबराट निर्माण झाली ती कर्जे कोणी तरी मंजूर केलेली असतात, कोणी तरी त्यांच्यावर सही केलेली असते. आपल्याकडे हे सारे प्रारब्धावर सोडून देण्याची सवय ठेवीदारालाही आहे, ‘नशिबात नव्हते’ असे म्हणून तो गप्प बसतो, आणि ही सहनशीलता पुण्यवान दिसत असली तरी तिचा लाभ दुसऱ्यालाच मिळतो. कर्मसिद्धान्ताचा गाभा प्रत्येक कर्माला कर्ता असतो हा आहे. ज्या सिद्धान्ताने कर्त्याला शोधायला शिकवायचे त्याच्याच आधाराने कर्त्याला झाकणे हा त्या सिद्धान्ताशी केलेला अन्याय आहे.

या संदर्भात नारदस्मृतीने दिलेली एक कसोटी सर्वांत मोलाची वाटते. तिचा आशय असा की राखणदाराच्या स्वतःच्या मालमत्तेबरोबर ठेवही नष्ट झाली, तर तो तोटा ठेवणाऱ्याचा समजावा. म्हणजे राखणदाराचे धन सुखरूप राहिले आणि केवळ दुसऱ्याचे बुडाले, तर त्याला निर्दोष मानण्याचे कारण उरत नाही. ही कसोटी सोपी आहे आणि तिच्यात हेतूचा, मनातल्या भावनेचा शोध घ्यावा लागत नाही, कारण दोघांचे भाग्य एकत्र बांधले होते काय, एवढेच ती विचारते. आजच्या बँकव्यवस्थेला ही कसोटी लावली तर मर्यादित जबाबदारी या आधुनिक तत्त्वाचा, म्हणजे संस्था बुडाली तरी भागधारकाने गुंतवलेल्या रकमेपलीकडे त्याच्या घरादाराला हात लावता येत नाही या तत्त्वाचा, नैतिक अर्थ स्पष्ट होतो. उद्योगाला त्याचा उपयोग निःसंशय आहे. पण ते तत्त्व राखणदाराचे भाग्य ठेवीदाराच्या भाग्यापासून कायद्याने तोडून टाकते.

सहकारी चळवळीच्या पहिल्या पिढीला याची जाणीव होती, आणि या जिल्ह्याच्या इतिहासात त्या जाणिवेची मुळे सापडतात. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांतही पसरला. उठाव करणाऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराजवळच्या कर्जरोख्यांवर होता, ते हिसकावून जाळणे हे त्या दंग्यांचे वैशिष्ट्य. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुढे १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहायकारी मंडळी ही परस्परांना पत पुरवणारी संस्था उभी केली, आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. त्या कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारी हा नियम होता, नागरी संस्थांना मात्र निवडीची मोकळीक दिली होती. अमर्यादित जबाबदारी म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाने आपली जमीन, गुरेढोरे, घर यांपर्यंत भरपाई द्यायची. जर्मनीत रायफायझेन यांनी घडवलेल्या ग्रामीण पतसंस्थांचा हा आदर्श होता. गरीब शेतकऱ्याजवळ तारण नव्हते, म्हणून त्याच्या शेजाऱ्यांची हमी हेच तारण मानले गेले. शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवील, कारण त्याचे बुडाले तर याचेही बुडेल, असा त्यामागचा विचार. नारदाच्या कसोटीचे याहून प्रामाणिक संस्थारूप सापडणे कठीण. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही ज्याचा ऊस त्याचाच कारखाना हा नफातोटा एकत्र बांधण्याचा विचार पायाशी होता.

नागरी बँका वाढत गेल्या, ठेवीदार सभासदांहून कितीतरी अधिक झाले, अनेक बँका एका राज्यापुरत्या न राहता बहुराज्यीय झाल्या. नगर अर्बन बँकही त्यांपैकी एक. बहुराज्यीय होताच संस्थेवरील देखरेख पुण्याच्या सहकार आयुक्तांकडून दिल्लीतील केंद्रीय निबंधकांकडे जाते. विस्ताराची सोय होते, पण ज्या गावात पैसा गोळा होतो त्या गावापासून जाब विचारण्याची जागा लांब जाते. एकत्र बांधलेल्या भाग्याचा धागा अशा लहान लहान सोयींनी सैल होत गेला, आणि त्यातला प्रत्येक बदल आपापल्या जागी योग्यच वाटला असेल.

नगर शहराला आचार्य आनंदऋषींच्या वास्तव्याने लाभलेली जैन परंपराही या प्रश्नावर एक विलक्षण गोष्ट सांगते. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, पाच अणुव्रतांचे अतिचार म्हणजे उल्लंघनाचे प्रकार सांगितले आहेत. त्यात न्यासापहार, म्हणजे कोणी सोपवलेली ठेव गिळंकृत करणे, हा दोष अचौर्यव्रताखाली येईल अशी अपेक्षा असते; परंतु तो सत्यव्रताखाली येतो, आणि त्याच्या शेजारी कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लेख तयार करणे हा दोष आहे. टीकाकार न्यासापहाराचे उदाहरण देतात ते असे: ठेवणाऱ्याला नेमकी रक्कम आठवत नाही, तो कमी रक्कम मागतो, आणि राखणदार ‘हो, तेवढीच होती’ असे म्हणतो. त्याने काही उचललेले नाही, त्याने फक्त एका चुकीच्या आकड्याला होकार दिला आहे, आणि तेवढ्याने ठेव हरपली आहे. बँकांच्या अपयशाचा इतिहास पाहिला तर ही मांडणी किती अचूक आहे हे कळते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड थकीत कर्जे हजारो बनावट खात्यांच्या आड लपवली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. नगर अर्बनच्या शेवगाव शाखेतील सोनेतारण कर्जांत बनावट सोने ठेवल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पैसा जाण्याच्या कितीतरी आधी सत्य गेलेले असते. थकलेले कर्ज थकलेले आहे असे ताळेबंदात लिहिण्याऐवजी नवे कर्ज देऊन जुने फिटल्याचे दाखवणे, ज्याला बँकेच्या भाषेत कर्ज सदाहरित ठेवणे म्हणतात, हा आजचा कूटलेख आहे. म्हणून नियमनाचे पहिले काम तिजोरी राखण्याचे नसून नोंद खरी ठेवायला लावण्याचे असते, आणि लेखापरीक्षकाची सही ही धार्मिक अर्थानेही एक प्रतिज्ञा ठरते.

याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, जिथे घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा आहे, कारण चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करील ही श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. त्या श्रद्धेत एक विचार दडलेला आहे, तो असा की संपत्तीचे रक्षण अडथळ्याने होत नसून पाहणारा कोणी आहे या जाणिवेने होते. नियामक संस्थेकडून समाज हीच अपेक्षा करतो. परंतु देवाचे पाहणे आणि नियामकाचे पाहणे यांत फरक आहे. नियामक बँकेनेच सादर केलेल्या कागदांतून पाहतो, तपासणी ठराविक काळाने होते, आणि सहकारी बँकांच्या बाबतीत तर १ मार्च १९६६ पासून, जेव्हा बँकिंग विनियमन कायदा त्यांना प्रथम लागू झाला, दुहेरी नियंत्रण होते: बँकव्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, निवडणूक आणि व्यवस्थापन राज्याच्या सहकार खात्याकडे. दोन डोळे दोन दिशांना पाहत राहिले. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, पण तोपर्यंत अनेक बँकांचे नुकसान घडून गेलेले होते.

ठेवविम्याचा इतिहासही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९६० मध्ये केरळातील पालई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या, आणि त्या धक्क्यातून १९६१ चा ठेवविमा कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. प्रारंभी प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते. १९६८ मध्ये सहकारी बँकांना त्यात सामावून घेण्याची तरतूद झाली, १९९३ मध्ये मर्यादा एक लाखावर गेली आणि २०२० च्या फेब्रुवारीत पाच लाखांवर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम देणे बंधनकारक झाले. नगर अर्बनच्या सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना संपूर्ण ठेव विम्यातून मिळू शकेल, असे परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले होते, आणि पूर्वीच्या काळाच्या तुलनेत हे फार मोठे आश्वासन आहे. १९६१ च्या आधी अकोल्याच्या ठेवीदाराला असे काहीच नव्हते.

परंतु हा पैसा येतो कोठून, हा प्रश्न येथे विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरात ऋणाचे खरे स्वरूप दिसते. ठेवविमा महामंडळाला देशातील सर्व विमाधारक बँका आपापल्या ठेवींवर हप्ता देतात. २०२० च्या एप्रिलपासून तो दर शंभर रुपयांमागे वर्षाला बारा पैसे असा वाढवण्यात आला. ही रक्कम ठेवीदाराकडून वेगळी वसूल करता येत नाही, तरी ती बँकेच्या उत्पन्नातूनच जाते, म्हणजे शेवटी सांगलीच्या, तंजावरच्या, गुवाहाटीच्या खातेदाराने थोडे थोडे कमी घेऊन ती भरलेली असते. शतपथब्राह्मणात मनुष्य जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे सांगितले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. हे चौथे मनुष्यऋण, जे इतर तीन ऋणांच्या मानाने कमी चर्चिले गेले, ते ठेवविम्यात शब्दशः अस्तित्वात आलेले दिसते. नागापूरच्या खातेदाराचे पैसे त्याला कधीही न भेटलेल्या माणसांनी परत केले. आणि कायदाही हे ऋण विसरत नाही; महामंडळाने दिलेली रक्कम नंतर अवसायकाने, म्हणजे बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकून देणी वाटण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, वसुलीतून महामंडळाला परत करायची असते. विमा मिळाल्याने थकबाकीदार कर्जदाराचे देणे तसूभरही कमी होत नाही. पूर्वी तो आपल्या गावातील ठेवीदारांचा ऋणी होता, आता तो साऱ्या देशाच्या ठेवीदारांचा ऋणी आहे.

विम्यावर एक आक्षेप गंभीर आहे. संरक्षण असले की ठेवीदार चौकशी करत नाही, संचालक बेफिकीर होतात. अर्थशास्त्रज्ञ याला नैतिक जोखीम म्हणतात. मनुस्मृतीही ठेवणाऱ्याला सावध करते, की शहाण्याने कुलीन, सदाचारी, सत्यवादी, सधन माणसाजवळच ठेव ठेवावी. तेव्हा ठेवणाऱ्याला काहीच कर्तव्य नाही असे शास्त्र म्हणत नाही. परंतु गावातल्या एका माणसाचा सदाचार पारखणे आणि शेकडो कोटींच्या ताळेबंदातील खोट ओळखणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. जे लेखापरीक्षकाला आणि तपासनिसाला वर्षानुवर्षे दिसले नाही ते कामगाराला दिसायला हवे होते असे म्हणणे अन्याय्य आहे. ठेवीदाराचे कर्तव्य त्याच्या ज्ञानाच्या मर्यादेपर्यंतच जाते.

बँका बुडू लागल्या की राज्यसत्ता दुसरा उपाय योजते, तो एकत्रीकरणाचा: दुर्बळ बँक सबळ बँकेत विलीन करणे. १९६० च्या संकटानंतर बँकिंग कायद्यात सक्तीच्या विलीनीकरणाचा अधिकार आला आणि १९५१ मध्ये ५६६ असलेल्या व्यापारी बँका १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत नव्वदीच्या आत आल्या. नागरी सहकारी बँकांची संख्या २००४ च्या मार्चमध्ये १,९२६ होती, ती दोन दशकांत पंधराशेच्या आसपास उतरली. नारदाची कसोटी विलीनीकरणांनाही लावता येते, आणि त्यांतील फरक मग ठळक होतात. २०२० च्या नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँक इंडियात विलीन करताना जुन्या भागधारकांचे भांडवल पूर्णपणे रद्द झाले आणि ठेवीदाराला झळ लागली नाही. मालक आधी बुडाला, हे कसोटीला धरून आहे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचे जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले तेव्हा पाच लाखांवरील वैयक्तिक ठेवी दहा वर्षांच्या टप्प्यांत परत देण्याची योजना ठरली. आकड्यात ठेव वाचली, पण काळात ती कापली गेली. तिशीतल्या माणसाची दहा वर्षे आणि सत्तरीतल्या विधवेची दहा वर्षे ताळेबंदात सारखी दिसतात. तिच्या औषधाला पैसा आज हवा असतो. जो नियम सर्वांना समान लागू होतो तो तेवढ्यामुळे न्याय्य ठरतो असे नाही, आणि वयाचा, आजाराचा अधिक व्यापक विचार अशा योजनांत का होऊ नये, याला सोयीशिवाय दुसरे उत्तर दिसत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेने निर्बंधांखालील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सामावून घेतली. एका सहकारी संस्थेने दुसरीचे देणे आपले मानले, हे सहकाराच्या मूळ कल्पनेशी जुळणारे आहे. पुण्याच्या रुपी बँकेला २०१३ पासून जवळपास दहा वर्षे निर्बंधांखाली थांबूनही असे विलीनीकरण मिळाले नाही आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला.

नगर अर्बनला विलीनीकरण लाभले नाही, अवसायन लाभले. येथे या साऱ्या चर्चेतील सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो, तो क्षमेचा. थकीत कर्ज वसूल करताना एकरकमी परतफेडीची तडजोड केली जाते, व्याजात सूट दिली जाते, कधी मुद्दलातही. व्यवहारात काही वेळा तेच शहाणपणाचे असते, कारण कोर्टकचेरीत पंधरा वर्षे घालवण्यापेक्षा आज साठ टक्के हाती आलेले बरे. परंतु वारकरी परंपरेत ऋणमुक्तीचा जो सर्वांत मोठा प्रसंग सांगितला जातो, तुकोबांनी दुष्काळानंतर घराण्याच्या सावकारीचे आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले तो प्रसंग, त्यातील एक तपशील या संदर्भात विसरता येत नाही. तुकोबांनी आधी भावाचा हिस्सा वेगळा काढून दिला, आणि बुडवले ते केवळ आपले. ऋण माफ करण्याचा अधिकार धनकोचा असतो, आणि संत असूनही त्यांनी दुसऱ्याच्या धनावर तो अधिकार चालवला नाही. संचालक मंडळ किंवा अवसायक जेव्हा कर्जदाराला सूट देतो तेव्हा तो दुसऱ्याच्या वाट्याचे रोखे नदीत सोडत असतो. ती सूट उदारपणा म्हणवून घेऊ शकत नाही; ती केवळ व्यवहार असू शकते, आणि व्यवहार असेल तर ज्यांचे धन आहे त्यांना तो पटवून द्यावा लागतो.

ज्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा, ज्यांचे नाव २०२४ मध्ये या जिल्ह्याला देण्यात आले, त्यांच्या कारभारात खासगी आणि दौलत ही दोन खाती वेगळी ठेवली जात. देवळे, घाट, अन्नछत्रे यांचा खर्च खासगीतून होई. सार्वजनिक धनाला हात न लावता केलेला धर्म हाच धर्म, ही दृष्टी त्यामागे होती. अवसायनातील बँकेच्या बाबतीत या दृष्टीचा अनुवाद फार अवघड नाही. पाच लाखांवरील ठेव अडकलेल्या थोड्या ठेवीदारांना आज वसुलीच्या कामात मत नाही; कोणत्या कर्जदाराला किती सूट मिळाली, तारण मालमत्ता कोणत्या भावाने विकली गेली, जबाबदारी निश्चित झालेल्या संचालकांच्या मालमत्तेतून काय आले, हे त्यांना बहुधा वर्तमानपत्रातून किंवा माहितीच्या अर्जातून कळते. ठरावीक रकमेवरील प्रत्येक तडजोड ठेवीदारांच्या सभेपुढे कारणांसह मांडली जावी आणि त्यांच्या बहुमताशिवाय ती पक्की होऊ नये, तसेच विमा महामंडळानेही, जे आता स्वतः सर्वांत मोठ्या धनकोंपैकी एक आहे, देशभरच्या ठेवीदारांच्या वतीने त्या सभेत बसावे, अशी तरतूद कायद्यात करता येण्यासारखी आहे. तिने बुडालेला पैसा वाढणार नाही. मात्र ज्याचे बुडाले त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने कोणी क्षमा करणार नाही, आणि राखणदाराचे स्वतःचे काय बुडाले हा नारदाचा प्रश्न प्रत्येक सभेत, कर्जाच्या प्रत्येक खात्यापुढे, नाव घेऊन विचारला जाईल.